दोरा पुढे, पास मागे

तू गेल्याचं मला ग्रुपवर कळलं, हरेश. हे आधी सांगून टाकतो, कारण ते पोटात ठेवून पुढचं काही लिहिता यायचं नाही. सकाळचा चहा घेत होतो. कंपनीतून निवृत्त झालेल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर तुझा फोटो आला होता आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. स्टोअरवाले, कॅन्टीनवाले, जे जन्मात तुझ्याशी चार वाक्यं धड बोलले नसतील, त्यांनी माझ्या आधी हात जोडले होते. ती रांग मी खालीवर करून पुन्हा पुन्हा बघितली. आपल्या माणसाची बातमी मला सगळ्यांच्या मागून मिळाली होती. खरं सांगतो, त्या क्षणी मला दुःख झालं नाही, राग आला.

बोईसर स्टेशनवरून मंडळींनी गाडी केली. मला फोन आला, मधू, येतोस ना? मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. बायको म्हणाली, अहो, असं काय करता, हरेशभाऊ गेलेत. मी म्हटलं, त्यांच्या घरून बोलावणं आलेलं नाही. मयताला कधी कुणी बोलावणं धाडतं का, असं म्हणून ती आत गेली. तिचं बरोबरच होतं. पण मला फोन यायला हवा होता, तुझ्या घरातून, ग्रुपच्या आधी. इतकी वर्षं तुझ्या मागोमाग येणारा पहिला माणूस मी, आणि त्या दिवशी मला शेवटचा केला, हे काही केल्या गिळवेना. म्हणून तुझ्या मयताला मी आलो नाही. दहाव्यालाही आलो नाही.

मागोमाग हे मी नुसतं बोलायचं म्हणून म्हणत नाही. आपल्या केमिकल कंपनीत पाळ्या दर आठवड्याला फिरायच्या, पण क्रम कधी बदलायचा नाही. तुझी सकाळची असली की माझी दुपारची, तुझी दुपारची असली की माझी रात्रीची. तू उठलास की त्याच खुर्चीत मी बसायचो, ती अजून गरम असायची. तू समुद्रकाठच्या मुरब्याहून यायचास, अंगाला सुक्या बोंबलांचा वास घेऊन. सुरुवातीला आम्ही वाणगावकडच्या पोरांनी तुला त्यावरून चिडवलं होतं. तू शांतपणे म्हणालास, "ह्या कंपनीच्या वासापुढं माझा वास म्हंजे अत्तर हाय." पुन्हा कुणी चिडवलं नाही. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं की हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

वाचनाचं खूळ मूळचं माझं. पालघरच्या वाचनालयाचं सभासदत्व माझ्या नावावर. सुट्टीच्या दिवशी गाडीने जाऊन, कपाटापाशी तासभर उभं राहून पुस्तक निवडून आणायचो मी. आणि त्यावर ताव मारायचास तू. सुरुवात मी करायचो, हे खरं. पण मी सावकाश वाचणारा, ओठ हलवत, आवडलेलं पान पुन्हा मागे जाऊन वाचणारा. पुस्तक कंट्रोल रूममधल्या आपल्या सामायिक लॉकरमध्ये ठेवायचं, घरी न्यायचं नाही, असं ठरलेलं, म्हणजे भांडण नको. बॅच एकदा तापमानावर स्थिरावली की साहेबांची नजर चुकवून थोडा वेळ मिळायचा, त्यात वाचायचं. तुझी खूण जाळ्याच्या निळ्या दोऱ्याची, माझी जुन्या बसपासाची. सोमवारी पास पुढे असायचा. बुधवारी उघडावं तर दोरा पासाला ओलांडून कुठल्या कुठे गेलेला. आपण नवं धोतर घ्यावं आणि त्याची घडी दुसऱ्याने मोडावी, तसं मला दर आठवड्याला व्हायचं. त्या पुस्तकातल्या माणसांना तू माझ्या आधी भेटून आलेला असायचास. मला भेटायची ती तुझ्या ओळखीची माणसं.

बरं, तुला विचारायचीही सोय नव्हती. आपल्या दोघांनाही चार्ज द्यायला शिकवलं ते जुन्या इनचार्जने. पाळी संपवून जाणाऱ्याने प्लांट ताब्यात देताना येणाऱ्याशी काय बोलायचं, याचा त्याचा एकच नियम होता. झालं ते सांगा, होईल ते सांगू नका. होईल ते सांगितलं की येणारा तेवढंच बघत बसतो आणि दुसरीकडचा व्हॉल्व्ह गळायला लागतो. तू तोच नियम पुस्तकाला लावलास. रिअॅक्टर किती तापलाय, कुठला पंप आवाज करतोय, एवढं सांगायचास आणि लॉकरची किल्ली माझ्या हातावर ठेवायचास. मी हळूच विचारायचो, काय रे, पुढे काय होतं? तू बूट काढता काढता म्हणायचास, "होईल ते सांगायचं नाय."

मग मी तुझं तोंड वाचायला शिकलो. किल्ली देताना तू गप्प असलास की समजायचं, पुढच्या पानांत कुणीतरी जाणार. मिशीत हसत असलास की लग्न नाहीतर फजिती. पुस्तकाआधी मी तुझा चेहरा वाचायचो, आणि तो जास्त अवघड होता. एकदा तू इतका उतरलेला होतास की अख्खी पाळी मी नायिकेच्या मरणाची वाट बघत वाचली. ती काही मेली नाही. तुझ्या मुलाला ताप होता, हे मला दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कळलं, तेही दुसऱ्याकडून. पुस्तकातल्या बाईचं मला सगळं ठाऊक असायचं, तिला झोप का येत नाही इथपासून. तुझ्याबद्दल मात्र तू चार्ज द्यायचास तेवढंच. यावर आपण कितीदा वाद घातला. मी म्हणायचो, कादंबऱ्या माणसाला फसवतात, आतलं सगळं उघडं करून दाखवतात आणि मग खरी माणसं बंद दारासारखी वाटायला लागतात. तू म्हणायचास, पुस्तकात एकाचं आतलं बघितलं की बाहेरच्या दहांवर दया येते. तुला येत असेल. मला त्या लेखकाचा हेवा वाटायचा, ज्याला माणसाच्या आत जाता येतं.

आणि मग ती गॅसची दुपार. त्या पुस्तकाचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. कव्हर गेलेलं, पहिली पानं गेलेली, वाचनालयाने जाड पुठ्ठा बांधून वर नुसता नंबर टाकलेला. लग्नांत वाजवणाऱ्या बँडमधल्या दोन मित्रांची गोष्ट होती. एक क्लॅरिनेट वाजवणारा, दुसरा त्याच्या मागे उभा राहून ढोल बडवणारा. लोक नोटा अडकवायचे त्या क्लॅरिनेटवाल्याच्या टोपीला, आणि ढोलवाल्याने जन्मभर त्याची पाठ बघत वाजवायचं. तर त्या दिवशी मी दुपारच्या पाळीला आलो तेव्हा तू खुर्चीत बसलेला, डोळे लाल, गालांवर पाणी. नेमका तेव्हाच नवा शिफ्ट इनचार्ज आत आला. तारापूरच्या कारखान्यात ऑपरेटरच्या डोळ्यांतून पाणी आलं तर त्याचा अर्थ एकच. त्याने विचारलं, लीक आहे का, डोळ्यांना लागतंय का? कादंबरी वाचून रडतोय असं ड्यूटीवरचा माणूस कुठल्या तोंडाने सांगणार? तू म्हणालास, "हां साहेब, थोडं लागतं."

झालं. माणसं मास्क चढवून फिरायला लागली. व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं, जोड न् जोड तपासला. मीही मास्क लावून त्यांच्याबरोबर, मूग गिळून, आत हसू दाबत. गळती लॉकरमध्ये बंद होती, हे आपल्या दोघांनाच माहीत. आणि नशीब बघ तुझं, एका जोडाला खरोखरच थोडी गळती सापडली. इनचार्जने सगळ्यांसमोर तुझ्या नाकाचं कौतुक केलं. तू रडलास तरी तुला शाबासकी मिळाली, याचं मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

हसू ओसरल्यावर उरलं ते निराळंच. त्या गडबडीत तुझा दोरा पुस्तकातून निसटून टेबलाखाली पडला होता, त्यामुळे तू कुठल्या पानावर होतास ते कळायला मार्ग नव्हता. उरलेलं पुस्तक मी जपून वाचलं, आता येईल ते पान, आता येईल. नाही आलं. माझे डोळे कोरडेच राहिले. तुला जिथे रडू आलं त्या पानावरून मी सरळ चालत गेलो होतो आणि मला पत्ताही लागला नव्हता. तुझ्या वाचण्याच्या वेगाचा मला हेवा होताच, आता तुझ्या रडण्याचाही वाटायला लागला. त्यातून तो शेवट. क्लॅरिनेटवाला मरतो, सगळा बँड त्याच्या घरी जातो, आणि ढोलवाला गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन मागे फिरतो. का फिरतो ते लेखकाने सांगितलेलं नाही. पुस्तक तिथेच संपतं.

मी तुला म्हटलं, हा काय शेवट झाला? तू डबा पिशवीत भरत होतास. मान वर न करता म्हणालास, "मला तर तो ढोलवाला वाचताना सारखा तूच दिसत होतास."

एवढं बोलून तू निघून गेलास, कारण खाली शिफ्टची बस हॉर्न देत होती. मी त्या गरम खुर्चीत बसून राहिलो. पुढे किती वेळा विचारलं असेल तुला, म्हणजे काय रे? मागे उभा राहतो तो मी, की जळतो तो मी, की गल्लीतून परत फिरतो तो मी? तू नुसता हसायचास. शिवी दिली असतीस तर परत देता आली असती. पुस्तकातला माणूस काढून हातात दिला, त्याचं काय करायचं? त्यानंतर मी प्रत्येक कादंबरीत स्वतःला शोधत वाचायला लागलो, आणि दर वेळी मी दुसराच निघायचो. नायकाचा मित्र, नाहीतर सावकाराचा मेहुणा, नाहीतर खिडकीतून बघणारा शेजारी. पहिला कधी निघालो नाही.

आत्मचरित्रांच्या बाबतीत तुझं तंत्र वेगळं होतं. पुस्तक हातात आलं की आधी मित्र शोधायचास. ज्याच्या घरी उमेदीची वर्षं जेवला त्याला अर्धं पान दिलंय, म्हणून एका मोठ्या माणसाचं आत्मचरित्र तू लॉकरच्या तळाशी चपलांखाली टाकलं होतंस. मला आत्मचरित्रं आवडायची. त्यात लिहिणारा निदान शेवटच्या पानापर्यंत जिवंत असतो, एवढी तरी खात्री. तू म्हणालास, "लिवणारा जिवंत असतो रे, त्याचे मित्र मेलेले असतात. म्हणून तर लिवतो." मग विचारलंस, तू लिहिलंस तर मला किती पानं देशील? मी म्हटलं, आधी तू मला किती देशील ते बोल. तर म्हणालास, मी कसला लिहितोय, मी सांगणारा माणूस. त्या बोलण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

निवृत्त झाल्यावर तू वहिनींच्या सुक्या मासळीच्या धंद्यात हात द्यायला घरी थांबलास, आणि मी बोईसरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर. पुस्तक चालूच राहिलं. मी सुरुवात करायची, स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर भेटून तुला द्यायचं, मग तुझ्याकडून परत घ्यायचं. तू यायचास तो उन्हाने रापलेला, टवटवीत, आणि तुला बघून मला माझ्या फ्लॅटचा राग यायचा. आजारपणही तू चार्ज दिल्यासारखं सांगितलंस. डॉक्टरने काय तपासलं, काय सापडलं, कुठली गोळी चालू आहे. झालं ते सगळं सांगितलंस. होईल ते सांगितलं नाहीस, आणि मीही नियमाप्रमाणे विचारलं नाही. शेवटचं पुस्तक, एका परिचारिकेचं आत्मचरित्र, तुझ्याकडेच राहिलं.

त्याच पुस्तकाचं निमित्त केलं मी. तेरावं उरकून पाहुणे पांगले असतील असा अंदाज घेऊन मुरब्याला निघालो. वाचनालयाचं पुस्तक आणायला चाललोय, असं बायकोला सांगितलं. ती नुसती हं म्हणाली.

प्रमिलावहिनी घरामागे होत्या. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील टांगत होत्या, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून. मला वाटलं होतं बाई कोपऱ्यात बसलेली असेल, पण मासळी आली की ती काही दुखवटा पाळत नाही. आमची आधीची भेट म्हणजे तुझ्या मुलाच्या लग्नात झालेला नमस्कार. तरी त्यांनी मला बघितलं, हातातली जोडी टांगली, आणि पदराने घाम पुसत म्हणाल्या, "मधूभाऊ ना? उशीर केलात."

दुःखाच्या घरात आल्यावर माणूस जे बोलतो त्यातलं काही आलं नाही तोंडात. मी म्हटलं, मला फोन आला नाही.

त्या म्हणाल्या, मुलाने तुमच्या नावाने सगळा फोन पालथा घातला. मधू नाही, मधुकर नाही, आडनावाने नाही. मग त्यांनीच त्याला सांगितलं, राहू दे, ते येतात. हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे ग्रुपवरचे सगळे तुझ्या फोनात, आणि मी नाही. खिशातून माझा फोन काढला आणि तिथल्या तिथे तुझा नंबर लावला. घरात फळीवर तुझा फोन वाजला. वहिनींनी तो आणून माझ्यापुढे धरला. वर लिहिलं होतं, सेकंड शिफ्ट.

वहिनी हसल्या. मला हसावं की रडावं कळेना. इतक्या वर्षांची मैत्री, आणि मी एक पाळी?

"नाव गोष्टींत घालून संपवलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "फोनात कुठून उरणार?"

कसल्या गोष्टी, मी विचारलं. त्यांनी मला एक पाट दिला आणि पुन्हा बोंबलांना हात घातला. मग काम करता करता सगळं सांगितलं, आणि मी ऐकत गेलो तसतसा माझा जळफळाट वाढत गेला. पुस्तक घरी न्यायचं नाही असं आपलं ठरलं होतं. तू पुस्तक नेलं नाहीस, पण रोज डोक्यात घालून गोष्ट नेलीस. पाळीवरून घरी आलास की वहिनींच्या शेजारी बसायचास आणि त्या दिवशी वाचलेलं सगळं सांगायचास, अगदी पहिल्या पुस्तकापासून. मी तिकडे प्लांटवर तुझ्या मिशीवरून अंदाज बांधत असायचो, तेव्हा मुरब्यात बसून वहिनींना कळलेलं असायचं की कोण मेलं, कोण पळालं, कोणाचं लग्न लागलं. मी निवडलेलं पुस्तक, माझ्या नावावर आणलेलं, आणि माझ्या आधी ते दोन माणसांनी संपवलेलं.

पुस्तकांतली नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. म्हणून तू सोपं केलंस. गोष्ट कुठलीही असो, त्यातल्या मित्राचं नाव मधू. पुराच्या पाण्यातून होडी घालून डॉक्टर आणला तो मधू. मित्रासाठी कोर्टात खरी साक्ष दिली आणि गाव सोडलं तो मधू. मेलेल्या मित्राची पोर आपली म्हणून वाढवली, तोही मधूच. वहिनी मला हे सांगत होत्या आणि मध्येच माझ्याकडे बघत होत्या, जणू मी त्यातलं थोडं तरी केलं असणार. मी आयुष्यात मांजरही पाण्यातून काढलेलं नाही.

"मी लय जळायचे तुमच्यावर," त्या एकदम म्हणाल्या. "येईल त्या गोष्टीत मधू. मी बोलायचे, एकदा तरी कुठं प्रमिला घाला की. तर बोलायचे, तू बाजूला बसलीस की, तुला गोष्टीत कशाला घालू? जो इथं नाय त्याला घालतो."

मग त्यांना मी माझं सांगितलं. तू मला पुढचं एक अक्षर सांगायचा नाहीस, आणि सगळं काही त्यांना मिळायचं, हे कळून मला आता काय वाटतंय ते. त्या म्हणाल्या, बरं झालं, जरा तुमी बी जळा. दोघंही एकाच माणसावरून एकमेकांवर जळत बसलो होतो, आणि मध्ये बोंबील वाळत होते. खोटं कशाला बोलू, तू गेल्यापासून तेवढा वेळ मला पहिल्यांदा बरा गेला.

शेवटी मी ते विचारलं, ज्यासाठी खरं म्हणजे आलो होतो. बँडवाल्या दोन मित्रांची गोष्ट सांगितली होती का? त्यांना लगेच आठवली.

"त्यात मधू कोण होता?"

"ढोलवाला," वहिनी म्हणाल्या. "जळायचा तो मित्रावर. लय जळायचा."

माझे कान तापले. म्हणजे तू तिथेही लपवलं नव्हतंस. एवढ्या सगळ्या भल्या मधूंमध्ये हा एक खरा मधू जसाच्या तसा सांगून टाकला होतास. आता उठावं, पुस्तक घ्यावं आणि चालू पडावं, असं वाटलं. तरी विचारलं, आणि शेवटी काय होतं?

वहिनींचे हात थांबले. "शेवट सांगताना ते गप्पच बसले. डोळ्यांत पाणी. मी विचारलं, काय झालं, तर बोलले, कंपनीत आज गॅस लागला. मंग बोलले, मधू येतो. सगळी माणसं येऊन गेल्यावर येतो, कुणी बोलावलं नाय तरी. उशिरा येतो. पण येतो, आणि जेवून जातो."

ते पान मला तिथे, त्या पाटावर सापडलं.

आणि तरीही, माझा स्वभाव बघ. माझ्या जिभेवर आलंच होतं, वहिनी, पुस्तकात तो येत नाही. तुमच्या नवऱ्याने तुम्हाला भलताच शेवट सांगितला. आयुष्यात एकदा तरी मला असं काही ठाऊक होतं जे तुझ्या माणसाला ठाऊक नव्हतं. एका वाक्यात मी पुढे गेलो असतो. पण ते बोलणार कसा? मी तर त्यांच्या परसात बसलो होतो, सगळी येऊन गेल्यावर, बोलावणं नसताना. माझ्याच तोंडून ते खोटं ठरलं असतं. नियम तू मोडलास, हरेश. मला जन्मात कधी होईल ते सांगितलं नाहीस, आणि त्यांना सांगून ठेवलंस. किती वर्षांपूर्वीची ती दुपार. तेव्हापासून त्यांना माहीत होतं, आणि मला माझ्या घरातून निघेपर्यंत माहीत नव्हतं.

"चला, जेवा," वहिनी म्हणाल्या. भात होता आणि ओल्या बोंबलाचं कालवण. मी दोनदा भात घेतला. जेवताना समोर भिंतीवर तुझा फोटो होता, त्यातही तू मिशीत हसत होतास आणि मला नेहमीप्रमाणे अंदाज येत नव्हता. मला त्या मधूचा फार हेवा वाटला, तू सांगितलेल्या. त्याला फोन यावा लागत नाही. तो गुडघ्यांची कारणं सांगत नाही. तो जळतो, पण जळत जळत पोचतो. इतकी वर्षं तो रोज तुझ्या घरी येऊन बसत होता, आणि मी आलो ते लग्नाला आणि आता. पुस्तकांत मी मला शोधत बसलो, आणि तू मला तिथे नेऊन ठेवत होतास. मला एवढं मोठं कुणी कधी केलं नव्हतं, याबद्दल तुझे आभार मानायला हवेत. ते इथे मानतो. तोंडावर मानले असते तर तू विषय बदलला असतास.

निघताना वहिनींनी पुस्तक दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. पुढचं पुस्तक आणाल तेव्हा येऊन सांगून जा, असं म्हणाल्या. सांगणारा माणूस मी नाही, वहिनी, मी फार सावकाश वाचतो, असं मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, मला कुठं घाई हाय?

रिक्षात बसल्यावर कागद सोडून पुस्तक उघडलं. माझा पास मागे, तुझा निळा दोरा बराच पुढे, आणि दोऱ्यापुढची पानं कुणीच न वाचलेली. पहिल्यांदाच तुझ्या पुढे जायची संधी होती, आणि बोट दोऱ्यापर्यंत जाऊन थांबलं. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला तो ढोलवाला आठवला. खुर्चीतला तुझा चेहरा आठवला, लाल डोळ्यांचा, आणि तेव्हा तू कोणासाठी रडत होतास ते आता कळत होतं. त्या पानावरही तू माझ्या आधी जाऊन आला होतास.

रिक्षा कारखान्यांच्या रस्त्याला लागली होती. रिक्षावाला बिहारकडचा. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि वेग कमी केला.

"क्या हुआ चाचा, गॅस लग रहा है क्या?"

मी म्हटलं, "हां भाई, थोडा लगता है."